डाव्या स्तनाचं रेडिएशन: आईचा श्वास १२ सेकंदांतच सुटतो

कृष्णाकाठची_लेक:
आई ६१ वर्षांची. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, केमोही संपली. आता १५ दिवस रेडिएशन, सोमवारी त्याचा सीटी. दीर्घ श्वास घेऊन २० सेकंद धरायचा, तेवढ्यातच किरणं देणार, म्हणजे हृदय वाचतं, एवढंच कळलं. कागदावर नुसतं ‘डीआयबीएच’ लिहिलंय.

रोज दिवाणावर झोपवून मोबाईल समोर धरून सराव घेते. ती छाती खच्चून भरते, खांदे पार कानापर्यंत येतात. बाराव्या सेकंदाला ओठ थरथरतात आणि श्वास भसकन सुटतो. मग डोळ्यांत पाणी. काल म्हणाली, “माझ्या चुकीनं हृदयाला लागलं तर गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मधेच श्वास सुटला तर खरंच काय होतं?

लिनॅकवाली_ताई:
मी चौदा वर्षं लिनॅकवर, म्हणजे किरणं देणाऱ्या मशीनवर, टेक्नॉलॉजिस्ट आहे. डीआयबीएच म्हणजे हाच दीर्घ श्वास घेऊन धरणं. आईंना आजच सांगा, श्वास सुटला तर बीम थांबतो. आमच्याकडे छातीच्या खालच्या टोकाशी प्लास्टिकचा छोटा ठोकळा ठेवतात. त्यावरचे चमकणारे ठिपके इन्फ्रारेड कॅमेरा बघत असतो. श्वासाची रेघ स्क्रीनवर ठरलेल्या पट्ट्यात असेल तरच किरणं सुरू राहतात. रेघ बाहेर गेली की बंद, आणि उरलेला डोस पुढच्या श्वासात. काही ठिकाणी यंत्रणा वेगळी असते, पण तत्त्व हेच. ही चूक त्यांच्या हातून होऊच शकत नाही.

श्वास भरला की फुप्फुस फुगतं, श्वासपटल खाली जातं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं. मधे हवेची गादी तयार होते म्हणा ना. एवढा खटाटोप का, तर स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. हृदयाला सरासरी एक ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस जास्त गेला की गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. हे तुमच्यासाठी लिहिलंय, आईंना आकडा सांगू नका.

आता सराव. खच्चून भरायचं नाही, जेमतेम तीन चतुर्थांश. खांदे आणि पाठ गादीला टेकलेलीच हवी. पाठ कमानीसारखी उचलली तर ठोकळा वर जातो, हृदय मात्र तिथंच राहतं, आणि आम्हाला हेच सगळ्यात जास्त बघावं लागतं. आधी दोन साधे श्वास, मग धरायचा. मोबाईल समोरून काढा. आणि हात डोक्यावर घेऊनच सराव करा, मशीनवर तसंच झोपायचंय.

भोरकर७२:
माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार, श्वास धरणं शक्यच नव्हतं. गाठ उजव्या फुप्फुसात खाली, आणि खालच्या गाठी जास्त हलतात. त्यांचा ४डी सीटी केला. श्वास चालू ठेवून चित्रं काढली, श्वासाच्या एका फेरीचे दहा भाग केले आणि गाठ जिथून जिथपर्यंत जाते तो सगळा भाग प्लॅनमध्ये घेतला. वर पोटावर दाबपट्टा. त्यांना करायचं काहीच नव्हतं, पडून राहायचं. म्हणजे श्वास धरता आला नाही तर उपचार अडतात असं नाही.

लिनॅकवाली_ताई:
अगदी. स्तनासाठीही साध्या श्वासावरचा प्लॅन करता येतो, हृदयासमोर आडोसा धरून. काय योग्य ते डॉक्टर सीटी बघून ठरवतील.

कृष्णाकाठची_लेक:
ताई, हात वर घेतल्यावर १२ चे ९ झाले! विचारलं तर म्हणाली, डावा खांदा ठणकतो. ऑपरेशनपासून दुखतोय आणि कुणाला बोललीच नव्हती.

लिनॅकवाली_ताई:
मग श्वास सुटण्याचं कारण तिथं आहे. दुखण्याकडे लक्ष गेलं की श्वास राहत नाही. उद्याच फोन करून सांगा, फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. लागलं तर सीटी दोन दिवस पुढे ढकलतील. त्या दिवशी जी पोझिशन ठरते तीच पंधरा दिवस धरायची असते.

कृष्णाकाठची_लेक:
फोन केला, सीटी गुरुवारवर गेला. फिजिओथेरपिस्टनं व्यायाम दिलेत, कोपराखाली उशी ठेवतोय. मोबाईलही काढून टाकला. आई आयुष्यभर गोधड्या शिवत आली, आता डोळे मिटून मनात धावदोरा घालते. आज संध्याकाळी सोळा टाके झाले, आणि खांदे गादीवरच होते. मी हात लावून बघितलं.