सही करताना डोळे कुठे होते?

रांगेतला_बाप
काल इथे एका ताईंनी लिहिलं होतं. मामाच्या लग्नात मुलीने मेंदी काढली, सोमवारी कॉन्व्हेंटमध्ये पहिला तास तिला वर्गाबाहेर उभं केलं, वर कॅलेंडरात, म्हणजे शाळेच्या डायरीत, रिमार्क. शेवटचं वाक्य: 'आपल्याच देशात आपल्या संस्कृतीवर बंदी घालणाऱ्या या शाळांना टाळं ठोका.' खाली लाइकचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यात किडा वळवळला.

ताई, कॅलेंडर उघडा. पहिल्या दहा पानांत सगळं छापलेलं असतं. मेंदी नको, नेलपॉलिश नको, कानात बारीक रिंगा सोडून काही नको, केस खांद्याखाली गेले की दोन वेण्या आणि काळ्या रिबिनी, पीटीला पांढरे कॅनव्हास, सुट्टीला जोडून दांडी मारली तर डॉक्टरचं सर्टिफिकेट. खाली 'वाचले व मान्य', आणि त्यावर तुमचीच सही. मी अ‍ॅडमिशनसाठी पहाटे चारला रांगेत उभा होतो. पुढे साठेक माणसं. एकानेही संस्कृतीचा स काढला नाही, सगळ्यांना शिस्त हवी होती. आता शिस्त दुसऱ्याच्या पोरांना आणि सवलत आपल्या पोरीला, असं कसं चालेल?

मोगरा
ती ताई मीच. रविवारी रात्री तासभर लिंबू-मीठ लावून पोरीचे तळवे घासले. कातडी लाल झाली, मेंदी तशीच. रिमार्क दिला असता तर मुकाट सही केली असती. आठवीतल्या मुलीला चाळीस मिनिटं पॅसेजमध्ये, येणारे-जाणारे बघतील असं उभं करायचं, हे कुठल्या पानावर छापलंय? आणि सहीचं कौतुक नका सांगू. सही केली नाही तर अ‍ॅडमिशन देतात का? ती गृहकर्जाच्या फॉर्मवरच्या सहीसारखी असते, डोळे मिटून करायची.

कलमवीर
सहीवरून आठवलं. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, संविधानाचं कलम २८(३). मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे रांगेतल्या बापाची ही सही प्रार्थनेपुरती खरंच वजनदार आहे. मेंदीला ते कलम लागत नाही.

आडमुठा
कलमं कसली सांगता, अल्पसंख्याक म्हटलं की त्यांना कुठलाच कायदा लागू नाही.

कलमवीर
'कुठलाच' कुठून आणलंत? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायद्यातून अल्पसंख्याक शाळांना वगळलं, त्यामुळे गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांची भानगड त्यांच्यामागे नाही. याचा अर्थ मोकाट सोडलंय असा होत नाही. आणि तुमच्या माहितीसाठी, एप्रिल २०२४ मध्ये खुद्द कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना कळवलं की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, सकाळी संविधानाची प्रास्ताविका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेची खोली ठेवा. लादलं जात नसतं तर असं लिहायची वेळ का आली, हेही विचारा. मी कुणाचाच वकील नाही.

वसईची_आवय
मेंदी राहू द्या बाजूला, माझं दुखणं वेगळं आहे. आम्ही वसईचे कॅथलिक. घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा. आणि मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे मराठी शब्दाला एक रुपया दंड! मॉनिटरकडे वही असायची. मधल्या सुट्टीत बोंबलाच्या चटणीचा डबा उघडला आणि 'आवयनं दिली' (आईनं दिली) एवढं तोंडातून निघालं. दोन शब्द, दोन रुपये. ते माझे बसचे पैसे होते. पारनाक्यापासून चालत घरी गेले.

आडमुठा
बघा! हेच म्हणतोय. मिशनऱ्यांनीच मराठी मारली.

वसईची_आवय
तुम्ही गप्प बसा. फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते काय लॅटिनमध्ये? फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिक कुठल्या भाषेत काढलं? चर्चने वसईत मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या. त्या ओस कुणी पाडल्या? आमच्याच माणसांनी, आणि तुमच्याही.

आडमुठा
दोन नावं फेकून विषय बदलू नका. दंड भरलात की नाही?

वसईची_आवय
भरला. आता पुढचं ऐका. दंड घेणाऱ्या टीचर मराठी होत्या, मंगळागौरीच्या सुट्टीसाठी सिस्टरशी भांडणाऱ्या. आणि दंड सुरू करा ही मागणी सिस्टरची नव्हती, पालकसभेत पालकांनी केली होती. 'इंग्लिश सुधारत नाही' म्हणून. माझा बाप त्यात होता. तोही हात वर करून बसला होता, अजून आठवलं की राग येतो.

पेठेतला_उपरा
अवांतर चालूच आहे तर माझंही घ्या. २०२० पासून कायद्याने मराठी शिकवणं सगळ्या शाळांना सक्तीचं आहे, न शिकवल्यास शाळेला लाखापर्यंत दंड. शाळेला लाख आणि पोराला शब्दामागे रुपया, हिशोब जमतोय! आमच्या पोराचं मराठीचं पुस्तक वर्षभर कोरं राहिलं, सहामाहीच्या आधी बाईंनी प्रश्नोत्तरं इंग्रजी लिपीत लिहून दिली.

रांगेतला_बाप
धागा मेंदीचा होता, मराठीचा नाही.

मोगरा
धागा माझ्या मुलीचा होता. त्यावरून आत्तापर्यंत कुणी बोललंय?

डबेवाली_मावशी
मी बोलते. मी स्वतः अशाच शाळेत सतरा वर्षं शिकवलं. बाहेर उभं करणं चूकच, आम्हीही केलंय, आता लाज वाटते. पण एक सांगते, तुम्हाला पटो न पटो. त्या दोन वेण्यांमुळे वर्गात झोपडपट्टीतली कुठली आणि टॉवरमधली कुठली हे मागच्या बाकावरून कळायचं नाही. मेंदीला सूट दिली की पुढच्या महिन्यात केसांना रंग, मग स्मार्टवॉच. शाळा अनुदानित, फी नावापुरती, ज्यांना दुसरीकडे परवडत नाही त्यांचीच मुलं जास्त. त्यांच्याकडे बघून नियम करावे लागतात.

मोगरा
वेण्यांना मी कधी नाही म्हटलं? रोज सकाळी मीच घालते. टाळं ठोका म्हटलं ते रागात म्हटलं, एवढं मागे घेते. मेंदी आणि स्मार्टवॉच एक नाही, हे मात्र मागे घेत नाही. मेंदी लग्नाघरची आहे, आजी हात धरून बसवते. पोर नाही म्हणू शकत नाही. शाळेने लग्नपत्रिका दाखवली की आठ दिवस सूट द्यावी, एवढंच.

आडमुठा
पत्रिका दाखवायची? आपल्याच देशात?

वसईची_आवय
अहो, माझ्या बहिणीच्या लग्नाला सुट्टी हवी होती तेव्हा मलाही पत्रिका जोडावी लागली होती. आणि लग्न त्यांच्याच चर्चमध्ये होतं!

रांगेतला_बाप
ठीक आहे, ठीक आहे. मावशींनी सांगितल्यावर बाहेर उभं करण्याबद्दल माझं म्हणणं मागे. बाकी सगळं जागच्या जागी, सहीसुद्धा.
(आणि इथे कुणी हसू नका. आज मुलीच्या कॅलेंडरात रिमार्क आलाय. मी सकाळी तिला बर्मुडा घालून गेटवर सोडलं. पान ९, पालकांच्या पोशाखाविषयी. ते पान मी वाचलं नव्हतं.)

मोगरा
लिंबू-मीठ लावून बघा.