सिगारचा धूर, उंदीर आणि पोस्टह्यूमन नीतिशास्त्र

साक्षेपी: स्त्रीवादी पोस्टह्यूमनवाले (माणसाला केंद्र न मानता वस्तू, प्राणी, उपकरणं यांनाही विचारात घेणारे) भौतिकशास्त्राचे शब्द उसने घेऊन नीतिशास्त्र खपवतात, असं परवा इथे लिहिलं गेलं. या विचारातल्या प्रमुख अभ्यासक करेन बराड यांची डॉक्टरेट सैद्धांतिक कणभौतिकीतली आहे, एवढं तरी बघायचं होतं! त्यांचं उदाहरण १९२२च्या श्टर्न-गेर्लाख प्रयोगाचं. चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून काचेवर पडला, पण थर इतका विरळ की काही दिसेना. श्टर्न यांनीच सांगितल्याप्रमाणे, स्वस्त सिगारच्या धुरातल्या गंधकाने सिल्व्हर सल्फाइड झालं आणि काळे पट्टे उमटले. मग उपकरण संपतं कुठे? स्वस्त सिगार ओढणाऱ्याचं लिंग आणि वर्गही त्यात आले, असं बराड म्हणतात. जो ही हद्द आखतो, त्याने तिची जबाबदारीही घ्यावी.

ऊर्ध्वपातन: गंधक कुठूनही आलं असतं तरी पट्टे तेच उमटले असते. झोत दुभंगतो स्पिनमुळे (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकी गुणामुळे), सिगार ओढणाऱ्याच्या लिंगामुळे किंवा वर्गामुळे नाही. मोठ्या वस्तूंचं डिकोहेरन्स, म्हणजे परिसराच्या संपर्काने क्वांटम वागणूक पुसली जाणं, क्षणार्धात होतं. अणूवरून थेट समाजावर उडी मारणं बंद करा.

मूषकमित्र: अणू राहू द्या, प्राणीगृहात या. २०१४चा वेदनेवरचा अभ्यास: पुरुष प्रयोगकर्ता, किंवा त्याने घातलेला नुसता टीशर्ट जवळ असला, तरी उंदरांचा ताण वाढतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते. परिणाम ३० ते ६० मिनिटांत ओसरतो. म्हणून चाचणीआधी तेवढा वेळ खोलीत बसा, गटाच्या मध्येच माणूस बदलू नका, प्रयोगकर्त्याचं लिंग नोंदवा.

ऊर्ध्वपातन: याला कन्फाउंडर म्हणतात, निकालात घुसणारा बाहेरचा घटक. ब्लाइंडिंग (कोणत्या प्राण्याला काय दिलं हे प्रयोगकर्त्यापासून लपवणं), रँडमायझेशन (प्राणी गटांत यदृच्छेने वाटणं) पहिल्या वर्षाला शिकवतात.

मूषकमित्र: ब्लाइंडिंगने वास लपतो का? आणि माद्या का वगळल्या जात होत्या? त्यांच्या ४-५ दिवसांच्या प्रजननचक्राने आकडे विखुरतात म्हणून. २०१४च्याच एका एकत्रित विश्लेषणात माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत. तिकडे अमेरिकेत झोलपिडेम या झोपेच्या औषधाचा स्त्रियांसाठीचा डोस १० मिग्रॅवरून ५वर आणायला २०१३ उजाडलं. संताप येतो तो याचा.

ऊर्ध्वपातन: म्हणजे प्राणी दुप्पट मारायचे?

साक्षेपी: नाही हो. १६ नरांऐवजी ८ नर, ८ माद्या. औषध आणि कंट्रोल, दोन्हीकडे निम्मे-निम्मे.

ऊर्ध्वपातन: त्यातून औषधाचा सरासरी परिणाम दिसेल. नर-मादीत तो वेगळा आहे का, हे नाही. मुख्य परिणामाएवढाच फरक पकडायला चौपट प्राणी लागतात. प्राण्यांची बाजू तुम्हीच घेता ना? माद्या वगळणं चूक होतं, मान्य. पण ते आकडेवारीने दाखवलं. त्यासाठी बराड यांची गरज पडली नाही.

मूषकमित्र: आकडेवारीचं तंत्र आधीही होतंच. माद्यांचा विखुरलेपणा मोजायची गरजच वाटली नाही, कारण तो गृहीत धरला होता. हे गृहीतक कुणाच्या सोयीचं, असं स्त्रीवादी विचारत होत्या तेव्हा त्यांना विज्ञानविरोधी ठरवलं गेलं. चौपटीचा हिशोब बरोबर आहे. म्हणूनच वेगळेपणाचा दावा करायचा नसेल, तर ८-८ पुरे.