मदत हवी आहे: ब्राउझरला सर्टिफिकेट चालतं, जुन्या जावा क्लायंटला नाही

नमस्कार मंडळी. एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं) बसवलंय. फुलचेन फाइलच जोडली आहे, म्हणजे आमचं सर्टिफिकेट मूळ म्हणजे रूट सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं सर्टिफिकेटही सर्व्हर पाठवतो. ओपनएसएसएलने तपासलं, साखळी पूर्ण आहे. ब्राउझर आणि कर्ल या कमांड-लाइन साधनाची काहीच तक्रार नाही. पण जुन्या जावा ८ वरचा एक क्लायंट 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' (विश्वासू रूटपर्यंत साखळी जुळली नाही) म्हणून थांबतो.

माझा अंदाज, त्याच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू रूट सर्टिफिकेटांच्या साठ्यात) आयएसआरजी रूट एक्स१ हे लेट्स एन्क्रिप्टचं रूट नसावं. ते ८यू१४१ (जावा ८ चं अपडेट १४१) पासून आलं. जावा अपडेट करणं सध्या शक्य नाही. मग कीटूल या जावाच्या साधनाने रूट थेट सीएसर्ट्समध्ये (जावाच्या मूळ ट्रस्टस्टोअर फाइलमध्ये) टाकावं, की वेगळं ट्रस्टस्टोअर करून त्याचा पाथ जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) द्यावा? वेगळं केलं तर बाकीची रूट्सही त्यात कॉपी करावी लागतील ना?

सर्टिफिकेटची तपासणीच बंद करा, हा सल्ला कृपया नको. त्या कनेक्शनवरून लोकांची खासगी माहिती जाते.