यूकॅसचं पर्सनल स्टेटमेंट : ही एक ओळ ठेवू की काढू?

मुक्ता_बारावी
ताई-दादांनो, सिव्हिल इंजिनिअरिंगसाठी यूकॅसमधून, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश-यंत्रणेतून, अर्ज करतेय. अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या स्टेटमेंटचा पाचवा खर्डा झाला, पण वाचताना त्यात मी कुठेच सापडत नाही. सुरुवात अशी : ‘लहानपणापासूनच मला उंच इमारतींचं आकर्षण होतं.’ पुढे मार्क, वक्तृत्वाचं बक्षीस, एनसीसी. अगदी शेवटी एक ओळ, की घराच्या भिंतीला गेलेल्या भेगेची मी वर्षभर नोंद ठेवली. क्लासचे सर म्हणाले, ही ओळ काढ, जागा खाते. रात्रभर तेच डोक्यात आहे. काढू का?

सिव्हिल_तिसरं_वर्ष
मुक्ता, ती ओळ ठेव आणि पहिली काढ. उंच इमारती कोणाला आवडत नाहीत?

आमच्या वेळी एकच सलग मजकूर असायचा. २०२६च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आलेत : हाच विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून ४००० कॅरॅक्टर, मोकळ्या जागा धरून; प्रत्येक उत्तराला किमान ३५० हवेत. त्यामुळे बक्षिसांची यादी परवडत नाही. एकच स्टेटमेंट तू निवडलेल्या सगळ्या विद्यापीठांना जातं, तेव्हा कुठल्याही एकाचं नाव घालू नकोस. आणि नेटवरच्या नमुन्यातलं वाक्य उचलू नकोस, यूकॅस जुन्या स्टेटमेंटांशी ताडून बघतं.

आता सांग, भेग मोजलीस कशी? मला बोलून सांगावं तसं इथे लिही.

मुक्ता_बारावी
भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोकला आणि दर रविवारी बाबांच्या व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या सरकत्या मोजपट्टीने) मधलं अंतर मोजलं. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख घालायचे. मला वाटलं होतं पावसात ओल धरली की भेग वाढणार. झालं उलटंच! मेमध्ये रुंदावली, ऑगस्टमध्ये मिटत आली. पंधरा दिवस मी व्हर्नियरलाच दोष देत होते. मग वाचताना कळलं, घराखालची काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. तेव्हापासून भिंतीपेक्षा मला जमिनीचंच कुतूहल वाटतं.

सिव्हिल_तिसरं_वर्ष
अगं, हेच तुझं पहिलं उत्तर! अंदाज चुकला तेही लिही, पंधरा दिवस व्हर्नियरवर संशय घेतलास तेही. शेवटचं वाक्य तर जसंच्या तसं इंग्रजीत ने. मातीचं शास्त्र हा सिव्हिलमधला अख्खा विषय आहे आणि तू त्याच्या दारात आपल्या पायांनी पोचलीस.

गणिताच्या_बाई
मुक्ता बाळा, दुसऱ्या उत्तरात मार्क परत नकोत, ते अर्जात वेगळे जातातच. त्याऐवजी व्हर्नियरचं लघुत्तम माप (त्याने मोजता येणारं सर्वांत लहान अंतर) आणि झिरो एरर (शून्यावरच असलेली चूक) प्रॅक्टिकलमध्ये शिकलीस, ते भिंतीपाशी कसं कामी आलं ते लिही. एनसीसी मात्र मी सरसकट काढणार नाही. तिथे काही उभारलं असशील, नकाशा वाचला असशील, तर तिसऱ्या उत्तरात दोन वाक्यं ठेव. नुसतं ‘शिस्त शिकले’ नको.

मुक्ता_बारावी
बाई, कॅम्पमध्ये तंबूभोवती पाण्याचा चर खणला होता, तो घेते. वही काढलीय समोर. मेअखेर २७.१ मिमी, ऑगस्टमध्ये २५.०. दोन्ही आकडे पहिल्याच वाक्यात घालू?

सिव्हिल_तिसरं_वर्ष
एकच घाल, मेमधला. ऑगस्टचा पुढच्या वाक्यात येऊ दे.