टेक्सेलची फेरी: सगळ्या कॅटामरान एकाच निकालात बसवणं न्याय्य आहे का?

मालवणी_शीड

नमस्कार मंडळी,

मी मूळचा मालवणचा, आता नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये. बायको आणि मी मिळून एक जुनी हॉबी १६ घेतली आहे, म्हणजे दोघांनी चालवायची छोटी शिडाची कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली होडी). टेक्सेल बेटाला वळसा घालणारी कॅटामरानची शर्यत १९७८ पासून होते, अंतर साधारण १०० किलोमीटर. आम्ही ती दोनदा पुरी केली.

इथे वेगवेगळ्या बनावटीच्या होड्या एकत्र उतरतात. लांबी, वजन, शिडांचं क्षेत्रफळ वगैरे मोजून प्रत्येक होडीला एक आकडा देतात. लागलेल्या वेळेला त्या आकड्याने भागून १०० ने गुणायचं आणि निकाल लावायचा. हॉबी १६ ला डॅगरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायच्या फळ्या) नाहीत, त्याची सूटही आकड्यात धरलेली असते. इथवर माझी तक्रार नाही.

पण समजा एका होडीचा आकडा १०० आणि दुसरीचा ११५. पहिली ३०० मिनिटांत आली, तर दुसरीला बरोबरी साधायला ३४५ मिनिटं मिळतात. या मधल्या ४५ मिनिटांत मार्सडीपचं पाणी फिरलं तर? मार्सडीप म्हणजे डेन हेल्डर आणि टेक्सेलमधली खाडी, बेटामागच्या उथळ वाडन समुद्रात येणारं-जाणारं बरंच पाणी तिच्यातून धावतं. गेल्या खेपेला पुढच्या होड्या तिथून ओहोटीबरोबर बाहेर पडल्या. आम्ही पोचलो तेव्हा भरती लागली होती. एकाच बोयाजवळ वीस मिनिटं शिडं भरलेली, दोघंही ट्रॅपिझवर (डोलकाठीच्या तारेला लटकून होडीबाहेर झुकलेले), आणि बोया जागचा हलेना. बायकोचे हात सोलवटले होते. आकडा होडीचा असतो, भरतीओहोटीचा नाही.

लांबच्या शर्यतीत एकाच जातीच्या होड्यांना प्रवेश द्यावा का? तुमचं काय मत?

खाडीकाठ

मी फॉर्म्युला १८ या वेगवान कॅटामरानवर आहे, म्हणजे तुम्ही म्हणता त्या पुढच्या होड्यांतला. आमच्या वर्गात साचा ठरलेला आहे: लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, वजन किमान १८० किलो, डोलकाठी ॲल्युमिनियमचीच. त्या मर्यादेत कुणीही होडी बांधावी. हलक्या जोडीला लहान जिब (पुढचं छोटं शीड) आणि १९ चौरस मीटरचा स्पिनेकर (मागून वारा असताना लावायचं फुगीर शीड), भारी जोडीला २१ चा. त्यामुळे माणसांच्या वजनाचा प्रश्नही बराचसा सुटतो.

तरी फक्त आमच्याच होड्या घ्या असं मी म्हणणार नाही. नवी फॉर्म्युला १८ सगळ्यांना परवडत नाही. मी स्वतः हॉबी १६ वरच शिकलो. ती दारं बंद केली तर दहा वर्षांनी किनाऱ्यावर येणार कोण?

हॅटरसपार

मी व्हर्जिनियात राहतो. आमच्याकडे वॉरेल १००० होते, फ्लोरिडाहून व्हर्जिनिया बीचपर्यंत टप्प्याटप्प्याने साधारण १६०० किलोमीटर. १९७६ ची पहिली शर्यत हॉबी १६ वरच झाली. २००२ नंतर खंड पडला, २०१९ ला पुन्हा सुरू झाली ती फॉर्म्युला १८ वर.

मी किनाऱ्यावर एका जोडीचं सामान सांभाळायला होतो. लाटांतून होडी वाळूवर चढली की त्या क्षणी कळतं कोण पुढे, कोण मागे. आकडेमोड नाही, वाट बघणं नाही. इतकं लांब झुंजलेल्या माणसाला हे मिळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. मी एकजातीच्या बाजूने.

डोलकाठी

प्रवेश सगळ्यांना द्यावा, पण सुटायची वेळ वेगळी ठेवावी. मंद होड्या ४० मिनिटं आधी सोडल्या तर मार्सडीपला सगळे साधारण एकाच पाण्यात येतील. हॉबी १६ चा निकाल हॉबी १६ मध्येच लावावा. एकत्रित निकाल हवा तर नंतर काढा.

मालवणी_शीड

डोलकाठी, ही गोष्ट मला सुचली नव्हती. एक अडचण दिसते: आधी सुटलेल्यांना बेटाच्या उत्तर टोकाच्या दीपगृहाकडे जाताना वेगळं पाणी मिळेल. पण तो फरक खाडीतल्या फरकाइतका मोठा नसेल. शिवाय मागे रेंगाळणाऱ्या होड्या कमी झाल्या तर बचाव बोटींनाही सोपं जाईल.

खाडीकाठ, दारं बंद करू नयेत हे पटलं. प्रश्न विचारला तेव्हा मी रागात होतो. वजनाचं म्हणाल, तर हॉबी १६ च्या वर्गात जोडीचं वजन किमान १२९.३ किलो लागतं. आम्ही दोघं मिळून १२५, म्हणून उरलेलं वजन होडीवर बांधून नेतो. ते कधी जड वाटलं नाही, कारण शेजारचाही त्याच नियमाने बांधतो.

भरतीओहोटीचं वेळापत्रक काढून बसलोय. ४० मिनिटं पुरतात की तास लागेल, ते हिशेब करून इथेच टाकतो, मग आयोजकांना पत्र लिहितो. हॅटरसपार, वॉरेलमध्ये लाटांतून होडी काढताना पुढचा माणूस कधी चढतो, ते सविस्तर लिहाल का? आम्हाला तिथे दर वेळी त्रास होतो.