पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आडवी घालता यायलाच हवी का?

ताम्हिणीकर
मत स्पष्ट मांडतो, मग हाणा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत, आणि मागून घसरून आडवी झाली तर करायचं काय, हे त्या चालवणाऱ्या बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नाही. ‘पुढच्या चाकांची गाडी आहे, मागून जात नाही,’ असं शोरूमवाल्यापासून ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरपर्यंत सगळे छातीठोक सांगतात. जाते हो. आणि बहुतेक वेळा रेस जास्त दिल्यानं नाही, घाबरून रेस सोडल्यानं जाते.

उतारावरचं ओलं वळण घ्या. जरा जास्त वेगात शिरलात, नाक बाहेर जाऊ लागलं. माणूस काय करतो? स्टीअरिंग आणखी वळवतो, ॲक्सिलेटरवरून पाय झटकन काढतो, वर ब्रेकही मारतो. अशा गाडीचं ६० टक्क्यांच्या वर वजन आधीच पुढे, ते आणखी पुढे लोटलं जातं. मघापासून घसरणाऱ्या पुढच्या टायरना अचानक पकड मिळते आणि स्टीअरिंग तर अजून वळलेलंच असतं. नाक आत, मागची चाकं हलकी, शेपूट बाहेर. तिथून सावरायचं तर शेपूट ज्या बाजूला चाललीय त्या बाजूला स्टीअरिंग, नजर दरीवर नाही तर जिथं जायचंय तिथं, आणि पाय पुन्हा रेसवर, हलका पण सलग. वजन मागे सरकतं, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. जुन्या पद्मिनीत किंवा ओम्नीत हाच रेसचा प्रयोग केलात तर गरगर फिराल, कारण तिथं ढकलतात ती मागचीच चाकं.

घसरत असताना रेस द्यायची, हे वाचून कुणाच्या पायात उतरत नाही. म्हणून बंद, ओल्या मैदानावर ३०-४० च्या वेगात गाडी मुद्दाम आडवी घालायला आणि सावरायला शिकवावं. परवान्याच्या आधी.

सरळमार्गी
हे वाचून उद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या चाकांखाली प्लास्टिकचे ट्रे घालून पोरं गाडी फिरवणार आणि त्याला ‘सराव’ म्हणणार. ते प्रकार व्हिडिओंत पाहून झालेत. सार्वजनिक रस्त्यावर हे केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे, भारतीय न्याय संहितेचं २८१ आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ओल्या वळणात कमी वेगात शिरा, एवढं शिकवलं की तुमच्या त्या लांबलचक परिच्छेदाची गरजच उरत नाही. सावरायला शिकवणं म्हणजे आधी घसरायची मुभा देणं.

रॅलीवेडा_नाशिक
सरळमार्गी, अहो ही पार्किंगमधल्या पोरांची कला नाही, हिला साठ वर्षांहून जास्त इतिहास आहे. एरिक कार्लसननं साब ९६ घेऊन १९६० ते ६२ सलग तीनदा ब्रिटनची आरएसी रॅली मारली, १९६२ आणि ६३ ची माँटे कार्लो मारली. गाडी कसली? पुढची चाकं चालवणारी, ८४१ सीसीची, तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक. आरपीएम पडले की इंजिन मेलंच. म्हणून उजवा पाय रेसवरून उचलायचाच नाही आणि डाव्या पायानं ब्रेक मारायचा. पुढच्या चाकांना इंजिन ओढत असतं, ती सहसा लॉक होत नाहीत. मागची मात्र मंदावतात, शेपूट फिरते आणि गाडी वळणात घुसते. त्यानंतर मिनी कूपरवाल्यांनी १९६४, ६५ आणि ६७ ची माँटे कार्लो नेली. ६६ लाही पहिल्या तीन मिनीच होत्या, हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून बाद केल्या. तो किस्सा निघाला की आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात.

आपल्याकडच्या रॅल्यांत पोलो, बलेनो याच जातीच्या. खडीवरचं वळण आलं की आधी उलट्या बाजूला झटका, मग वळणाकडे. वजन लोलकासारखं झुलतं आणि गाडी आपसूक आडवी होते. हॅण्डब्रेक तर या गाड्यांना वरदान. तो मागच्या चाकांना लागतो, इंजिन पुढच्यांना जोडलेलं, म्हणजे क्लच न दाबताही इंजिन बंद पडत नाही.

मात्र एक खरं. याला ड्रिफ्ट म्हणू नका. मागच्या चाकांना ताकदच नाही, त्यामुळे घसरण धरून ठेवता येत नाही. रेस दिली की गाडी सरळ व्हायलाच बघते.

सरळमार्गी
कार्लसन रॅलीचा बादशहा होता, वरंधा घाटातून सासुरवाडीला चालला नव्हता. आणि तुमचा डावा पाय आता विसरा. बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबले की कॉम्प्युटर रेस तोडतो. हॅण्डब्रेकच्या जागी बटण आलं. वर ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. शेपूट निघाली रे निघाली की तो बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावतो आणि गाडी सरळ करतो. तुमच्याकडे चारही चाकांना ब्रेकचं एकच पेडल. एकाच चाकाला ब्रेक लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. पैसे प्रशिक्षणात घालण्याऐवजी ईएससी असलेली गाडी घ्या.

ताम्हिणीकर
घ्या म्हणायला काय जातं. स्विफ्टला सगळ्या व्हेरिएंटमध्ये ईएससी आला तो अगदी अलीकडे. त्याआधीच्या लाखो स्विफ्ट, वॅगन आर, ऑल्टो रस्त्यावर आहेत आणि अजून दहा वर्षं राहणार. पहिल्या पावसात तेल, धूळ आणि पाणी यांचा जो राबडा होतो त्यावरून त्याच जाणार. शिवाय ईएससी ब्रेक लावतो म्हणजे शेवटी टायरचीच पकड वापरतो. पकडच संपली असेल तर तो तरी काय करणार?

नाना_टायरवाले
टायरचं नाव निघालं म्हणून बोलतो, एरवी वाचतच होतो. तुम्ही दोघंही गाडी घसरल्यानंतरचं भांडताय. ती घसरते कशानं ते माझ्या दुकानात रोज दिसतं.

गिऱ्हाईक येतं. पुढचे दोन गोटा झालेले, मागचे निम्मे. बजेट दोन टायरचं. नवे कुठं टाकू? दहातले नऊ म्हणतात, पुढं टाका, पुढचेच तर गाडी ओढतात. मी म्हणतो मागं टाका. मग वाद. ‘तुम्हाला धंदा कळतो का,’ इथपर्यंत ऐकलंय. टायर कंपन्यांचं सांगणं माझ्याच बाजूनं आहे, तरी गिऱ्हाईक शेजाऱ्याचं ऐकतं.

कारण साधं आहे. साचलेल्या पाण्यात पुढचे टायर तरंगले तर स्टीअरिंग हलकं पडतं, हाताला कळतं, माणूस वेग कमी करतो. मागचे तरंगले तर हाताला काहीच कळत नाही. कळतं तेव्हा गाडी आडवी असते. पुढं नवे, मागं गोटा, म्हणजे ताम्हिणीकर मैदानावर मुद्दाम घडवून आणणार आहेत ते तुम्ही घरच्या घरी तयार करून ठेवलंत. कायद्यानं १.६ मिलीमीटर नक्षी पुरते, पण पावसाळ्यात ३ च्या खाली आलेला टायर मी स्वतःच्या गाडीला मागं ठेवत नाही.

हवेचंही तसंच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, पुढं किती, मागं किती. तो वाचणारा महिन्यातून एखादा भेटतो. पंपावरचा पोरगा चारी चाकांत सारखीच ठोकतो. रॅलीवाले शेपूट लवकर निघावी म्हणून मागं मुद्दाम हवा वाढवतात, विचारा नाशिककरांना.

रॅलीवेडा_नाशिक
डांबरावरच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला, वाढवतो, खरंय.

गोथेनबर्गकर
मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे इथं स्वीडनमध्ये. ताम्हिणीकर जे मागतायत ते इथं परवान्यासाठी सक्तीचं आहे, म्हणून दोन शब्द. घसरड्या ट्रॅकवर नेतात. काही ठिकाणी गाडीखाली जादा फिरत्या चाकांची चौकट असते, शिकवणारा बटणानं मागची पकड काढून घेतो आणि ३० च्या वेगातसुद्धा गाडी तुमच्या देखत फिरते.

पण मूळ धाग्याला माझा विरोध आहे. शेजारी नॉर्वेत पूर्वी अशी सक्ती आणली, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. सावरता येतं असं वाटलं की पाय जड होतो. स्वीडननं १९९९ मध्ये अभ्यासक्रम बदलला तो त्याच अनुभवातून. आता सावरायची कसरत शिकवण्यावर भर नाही. तुम्हाला सावरता येत नाही, हे दाखवण्यावर आहे. ३० ला जे सहज जमलं ते ५० ला कुणालाच जमत नाही, सगळे वाटेत ठेवलेल्या शंकूंना धडकतात, आणि शिकवणारा शांतपणे म्हणतो, पुढचा. माझ्यासोबतचा तरुण मुलगा उतरला तेव्हा त्याची बडबड बंद झाली होती. सावरणं शिकवलंत तर तुम्ही नॉर्वेची चूक पुन्हा कराल.

सरळमार्गी
झालं. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

ताम्हिणीकर
नाही हो, हे नाही म्हणत होतात. तुम्ही मैदानच नको म्हणत होतात, त्या मैदान हवं पण धडा वेगळा म्हणतायत.

नॉर्वेचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर उत्तर शोधून काढण्याचा आव आणत नाही. पण एका ठिकाणी अजून अडतो. तिथं बर्फ आहे, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आपल्याकडं घाटात गाडी मागून जाऊ शकते हेच लोकांना माहीत नाही, तर गर्व कसला येणार? ३० ला आडवी घाला, ५० ला धडकवा, दोन्ही करा. पण रेस सोडली की शेपूट निघते, एवढं एकदा तरी पायाला कळू दे. त्याशिवाय ‘वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नको’ हे वाक्य पाटीवरच राहतं.

जुना_फियाटवाला
आमच्या वेळी मागची चाकं चालायची, जराशी रेस जास्त झाली की ओल्या डांबरावर गाडी वाकडी, त्यामुळे पावसाळ्यात पाय आपोआप शहाणा व्हायचा. १९८३ ला मारुती ८०० आली आणि सगळ्यांना वाटलं आता प्रश्न मिटला. प्रश्न फक्त रेस देण्यावरून सोडण्यावर गेला.

कोकणसडा
वाद चालू द्या. शनिवारी वरंध्यातून महाडला उतरायचंय. गेल्या महिन्यात दोन नवे टायर पुढं टाकलेत, मागचे कडेला गुळगुळीत. गाडी २०१७ ची, ईएससी नाही. आता काय करू?

नाना_टायरवाले
उद्या सकाळीच जवळच्या दुकानात जा आणि पुढचे मागं, मागचे पुढं करून घ्या, अर्ध्या तासाचं काम. अलाइनमेंट तपासा, कडेला झिजलेत म्हणजे बिघडलेली असणार. हवा स्टिकरप्रमाणे भरा, गाडी भरलेली असेल तर मागचा आकडा वेगळा असतो तो बघा. आणि गुळगुळीत म्हणताय ते नक्षीतल्या खुणेच्या पट्टीला टेकले असतील तर अदलाबदल करून भागणार नाही, तेही दोन बदला किंवा शनिवारी एसटीनं जा.