जाईन, जाणार आहे, जातोय... इंग्लिश फ्युचर टेन्स नेमका कुठे कुठला?

प्रश्न, ऐरोलीहून:
मुलगी आठवीत, सेमी इंग्लिशला. ग्रामरच्या वर्कबुकात गाळलेल्या जागा, विल की गोइंग टू. मला दोन्हीचा अर्थ 'जाणार'च वाटतो, मग कधी हे बरोबर नि कधी ते, असं का? तक्ता तिचा तोंडपाठ आहे पण वाक्य करायला सांगितलं की गाडी अडते. मराठीतून सांगेल का कोणी?

उत्तर, घोडबंदर रोडवरून:
तक्ता राहू दे बाजूला. इंग्लिशमध्ये वॉकचं वॉक्ड होतं तसं भविष्यकाळासाठी क्रियापदाचं वेगळं रूप नाहीच, म्हणून विल, गोइंग टू, साधा वर्तमानकाळ, जे हाताशी आहे त्यावर भागवतात. आणि यातले बरेचसे फरक आपण मराठीत रोज करतो, कोणी दाखवून देत नाही एवढंच. बेल वाजली की आई म्हणते "थांब, मी बघते". तेव्हाच्या तेव्हा ठरलं, म्हणून आय विल गेट इट. दाराकडे जाताना "मी बघणार आहे" म्हणतं का कोणी? पण "दिवाळीच्या आधी हॉल रंगवणार आहोत" हे घरात बोलून झालंय, तिथे वी आर गोइंग टू पेंट द हॉल. आणि "शनिवारी पुण्याला जातोय, तिकीट काढलंय" असं पक्कं असेल तर सरळ आय ॲम गोइंग टू पुणे ऑन सॅटर्डे, यातलं गोइंग म्हणजे खरंखुरं जाणं, मुलं इथेच गोंधळतात. टाइमटेबलचं असेल तर साधा वर्तमान. ठाण्याला दहा नंबरवर उभं राहून आपण "पुढची पनवेल कितीला सुटते" असंच विचारतो ना, तसंच व्हॉट टाइम डझ द नेक्स्ट पनवेल ट्रेन लीव्ह.

अंदाजाला मात्र बऱ्याचदा दोन्ही चालतात. समोर काळंकुट्ट आभाळ दिसतंय तर इट्स गोइंग टू रेन जास्त बरं, पण नुसतं मत असेल तर एकच बरोबर असं छापणाऱ्या वर्कबुकाचं फार मनावर घेऊ नका.

वाशीहून:
आणि शॅल? आम्हाला आय शॅल, वी शॅल घोकून घेतलं होतं, आता कोणी बोलताना दिसत नाही.

घोडबंदर:
तो नियम जॉन वॉलिसच्या 1653 च्या व्याकरणात आहे, इंग्लिशचं व्याकरण पण लिहिलंय लॅटिनमध्ये, आणि माणूस गणितातला, इन्फिनिटीचं चिन्ह आणलं तोच हा. आता बोलण्यात शॅल उरलंय ते मुख्यतः विचारताना, शॅल आय ओपन द विंडो, म्हणजे "खिडकी उघडू का". नाहीतर कायद्याच्या कागदात. सोसायटीच्या नियमात मेंबर शॅल पे असं असतं ना, तिथे मेंबर कधीतरी भरेल असा अर्थ नाही, भरायलाच लागतील.

मराठी माणूस खरा घसरतो तो तर आणि की या दोन ठिकाणी. ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू. आपण "पोचलो की फोन करतो" म्हणतो, म्हणजे भूतकाळ, इंग्लिश तिथे वर्तमान घेतं, व्हेन आय रीच. "पाऊस आला तर" म्हणजे इफ इट रेन्स. या अर्धवाक्यात विल नको, पुढच्या अर्ध्यात येऊ दे. मुलीला एवढंच पक्कं करून द्या, अर्धे मार्क इथेच जातात.

वाशी:
विल हॅव पण सांगा, तो सगळ्यात जड वाटतो.

घोडबंदर:
"एव्हाना घरी पोचला असेल", ही विल हॅव रीच्ड होम बाय नाऊ. याला फ्युचर परफेक्ट म्हणतात, नावात फ्युचर आहे, पण इथे पोचणं होऊन गेलंय, आपण अंदाज बांधतोय. मराठीत 'असेल' अगदी हेच काम करतं. पुढच्या काळासाठीही चालतो, "मार्चपर्यंत पोर्शन झालेला असेल", वी विल हॅव फिनिश्ड द पोर्शन बाय मार्च.

ऐरोली:
आता कळतंय. हिने विचारलंय, मग "आलोच पाच मिनिटांत" चं काय करायचं?

घोडबंदर:
आय विल बी देअर इन फाइव्ह मिनिट्स. आय केम लिहू नको म्हणावं, माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेला माणूसही मराठीत आलोच म्हणतो.